गाभोळी

आवडाबाईला सही येत नसती, तर टिपणीसांचं काम पाच मिनिटांत उरकलं असतं. अंगठ्याचं काय, शाईत बुडवला, कागदावर टेकला, मोकळे झालो. सहीचं तसं नसतं. सही करणाऱ्यापुढे कागद नीट ठेवावा लागतो, आणि आवडाबाईपुढे ठेवलेला कागद ती आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायची. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून तर जास्तच.

बाळकुमच्या कोळीवाड्यात दुपारी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात ती एकच गोष्ट शिकली होती, स्वतःचं नाव. आवडाबाई दामाजी कोळी. बाकीची अक्षरं आठवड्याभरात हाताला वळली, पण शेवटच्या ळ नं तिला महिनाभर छळलं. मुळात हे अक्षर तिच्या तोंडातच नव्हतं. कोळीवाड्यात सगळे 'कोली'च म्हणायचे. 'दोन पोटांचा ल' असं नाव ठेवून तिनं ते पाटीवर गिरवलं, चुलीच्या राखेत गिरवलं, आणि एकदाचं जमल्यावर नवऱ्याला, दामाजीला, होडीवरून बोलावून दाखवलं. त्यामुळे ही सही कशाखाली करायची आणि कशाखाली नाही, याबद्दल ती भारी चोखंदळ होती.

फाल्गुनातल्या त्या सकाळी भाऊ टिपणीस स्कूटरवरून आले ते टाइप केलेला कागद घेऊनच. कल्याणपलीकडे मुरबाड रस्त्याला त्यांची 'सुवर्णपंख' हॅचरी होती. सरकारी योजनेतून गावोगावच्या महिला मंडळांना एक दिवसाची पिल्लं मिळायची ती तिथूनच. बाळकुमच्या मंडळात अकरा बायका होत्या आणि आवडाबाई त्यांची अध्यक्ष. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरू लागल्यापासून दामाजीच्या जाळ्याला मासळीऐवजी वासच जास्त लागायचा, म्हणून या बायकांनी परसात शेडी उभ्या करून कोंबड्या धरल्या होत्या. माघाच्या अखेरीस आलेल्या सहाशे पिल्लांपैकी चारशेवर पिल्लं पंधरा दिवसांत मेली. पंख सोडून, डोळे मिटून, दिव्याखाली एकमेकांना चिकटून बसायची. बुडाला चुन्यासारखी पांढरी विष्ठा चिकटलेली. सकाळी बघावं तर आडवी.

"काही नाही, नुसतं एक पत्र आहे," टिपणीस म्हणाले. "योजनेच्या फायलीला लागतं. सही झाली की पुढच्या वाटपात तुम्हाला नवी खेप."

आवडाबाईनं कागद जनाबाईच्या सुनेच्या, सरोजच्या हातात दिला. सरोज दहावी झालेली. तिनं खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि मध्येच आवाज बारीक झाला. "मंडळाच्या सभासदांनी पिल्लांना मासळीची कुटी खाऊ घातल्यामुळे व शेडमधील अस्वच्छतेमुळे पिल्ले दगावली. यास हॅचरी कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही."

"अस्वच्छता म्हंजे?" आवडाबाईनं विचारलं.

"घाण," सरोज खाली बघत म्हणाली.

कुटी म्हणजे वाळवलेल्या बारीक मासळीची भुकटी. ती खाऊन कोंबडी जोमानं वाढते हे सगळ्या खाडीकाठाला ठाऊक होतं, आणि टिपणीसांच्या स्वतःच्या खाद्यातही ती असायची, फक्त तिथं ती पोत्यातून यायची.

"मी नाय करनार सही," आवडाबाई म्हणाली.

टिपणीस माणूस वाईट नव्हता, आणि हीच त्यांची खुबी होती. ते रागावले नाहीत. कागद तिच्याकडेच ठेवून म्हणाले, "विचार करा. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी वाटप आहे. सही आणाल तर यादीत नाव राहील, नाहीतर मंडळाचं नाव काढावं लागेल. माझ्या हातात नाही ते." ज्यांच्या हातात सगळं असतं त्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं.

ते गेल्यावर बायकांनी तिला घेरलं. जनाबाई वयानं सगळ्यांत मोठी. तिनं समजुतीच्या सुरात सांगितलं, "अगो, एक सही. घान बोलला तर बोलला. बाजारान लोक रोज बोलतात. आपल्या आंगाला भोकं पडली काय?"

हे खरं होतं. पंचवीस वर्षं आवडाबाई ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसली होती. नाकाला पदर लावून बांगडा निवडणाऱ्या, ताजा आहे का म्हणून बोटानं दाबून बघणाऱ्या आणि वर 'जरा लांब बसा हो' म्हणणाऱ्या बायका तिनं हजारांनी पाहिल्या होत्या. पण ते बोलणं हवेत विरून जायचं. हे फायलीत राहणार होतं, आणि त्याच्याखाली तिचं नाव राहणार होतं, तिच्या हातानं काढलेल्या ळ सकट. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"मेली ती पिल्लां आपल्या हातान मेली असती तर मी सही केली असती," ती म्हणाली. "पन मना आधी कलू दे, कशान मेली."

दुसऱ्या दिवशी, रात्रीतून मेलेली चार पिल्लं केळीच्या पानात गुंडाळून तिनं मासळीच्या पाटीत ठेवली आणि ठाण्यात जनावरांच्या दवाखान्याला लागून असलेल्या प्रयोगशाळेत गेली. बाहेरच्या शिपायानं पाटी पाहून सांगितलं की मासळी नको आहे. "मासली नाय, मयत हाय," असं म्हणून ती सरळ आत शिरली.

आत सुमती आगाशे होत्या. पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, डोंबिवलीहून रोज येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या. या बाईंनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं आणि तीस वर्षांत काही हजार कोंबड्या फाडल्या होत्या. त्यांनी नाकाला काही लावलं नाही. पान उलगडलं, पिल्लू उताणं केलं, बारीक कात्रीनं पोट उघडलं आणि म्हणाल्या, "चार दिवसांनी या. बशीत काय वाढतंय ते बघू."

चार दिवसांनी आवडाबाई दारात हजर होती.

"पुलोरम नावाचा आजार आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "पांढरी हगवण म्हणतात आपल्याकडे. आणि तुमच्या कुटीतून वगैरे येणारा नाही हा. याचा जंतू कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडून बसतो. कोंबडी दिसायला ठणठणीत, खाते-पिते, अंडी घालते. पण जंतू अंड्यात उतरतो आणि पिल्लू कवचाबाहेर येतं तेच तो घेऊन. मग शेजारच्या पिल्लांनाही देतं."

आवडाबाई म्हणाली, "म्हंजे गाभोलीतच रोग."

"गाभोळी म्हणजे?"

"मासलीच्या पोटातली अंडी, बाई. घोलीची गाभोली तर लोक भांडून नेतात." डोंबिवलीच्या आगाशे बाईंना आपण काहीतरी शिकवू शकतो याचं तिला अंमळ बरं वाटलं. "आमी पोट उघडलं की गाभोलीवरनं सांगतो, मासली कशी होती ती."

"बरोबर," सुमतीबाई म्हणाल्या. "गाभोळीतच."

"मग द्या लिवून. हॅचरीच्या कोंबडीपासून आला म्हनून."

"आजार कोणता ते देते लिहून. तो कुठून आला ते नाही देता येत. तुमच्या शेडमध्ये पिल्लं पंधरा दिवस होती. टिपणीस म्हणतील, तिथंच लागला. आईचं रक्त तपासल्याशिवाय बोलता येत नाही, आणि आया त्यांच्या शेडमध्ये." त्या थांबल्या. "त्या हॅचरीची जुनी कोंबडी आहे का कुणाकडे? गेल्या वर्षीची?"

होत्या. चांगल्या नऊ होत्या. आणि त्या आठवल्याबरोबर आवडाबाई तिथल्या बाकड्यावर बसली.

गेल्या वर्षी होळीनंतर पहिली खेप आली होती तेव्हाही पिल्लं अशीच मेली होती. टिपणीस तेव्हा म्हणाले होते, थंडी लागली. होळीनंतर थंडी कुठली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या मरणातून जी मोजकी पिल्लं उठली, ती बायकांनी एकवीरा आईच्या नावानं सोडली. कोळीवाड्यात ही रीतच होती. जे मरता मरता वाचतं ते आईनं राखलेलं. ते विकायचं नाही, कापायचं नाही. पुढच्या चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर नेऊन आईपुढेच कापायचं. तोवर त्या कोंबड्या गावात मानानं वावरत. भादव्यापासून त्या अंडी घालायला लागल्या, तर ती अंडीही आईचा प्रसाद. ज्याच्या घरी गावठी कोंबडी खुडूक बसे त्याला दहा-बारा अंडी उबवायला द्यायची.

जनाबाईच्या घरी ती अंडी बसवली होती. अकरा पिल्लं निघाली, नऊ मेली. शेजारच्या देवरामच्या घरीही तसंच. पण आवडाबाईच्या जावेनं स्वतःच्या गावठी कोंबडीची अंडी बसवली, तिची सगळीच्या सगळी पिल्लं उकिरड्यावर आजही नाचत होती. तीच कुटी, तीच खाडीची हवा, तीच घाण. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे घडलं होतं आणि तिला दिसलं नव्हतं. आईचा प्रसाद म्हणून आपणच घरोघरी काय वाटलं, हे तिला त्या प्रयोगशाळेच्या बाकड्यावर बसून कळलं.

"रविवारी याल काय गावान?" तिनं विचारलं.

सुमतीबाई रविवारी आल्या. सोबत पांढरी फरशी, सुई आणि जांभळ्या औषधाची छोटी बाटली. अकराही बायका आवडाबाईच्या ओट्यावर जमल्या. आधी जावेची गावठी कोंबडी. पंखाखाली सुई टोचून रक्ताचा थेंब फरशीवर घेतला, त्यात जांभळ्या औषधाचा थेंब, काडीनं कालवलं आणि फरशी हळूहळू झुलवली. मिनिटभर गेलं. रंग तसाच, एकसारखा. "निरोगी," सुमतीबाई म्हणाल्या.

मग आईच्या नावाच्या कोंबड्या. पहिलीच आवडाबाईची भागी.

भागी पिल्लू असताना तीन दिवस मान टाकून पडली होती. आवडाबाईनं तिला चोळीत घालून ऊब दिली होती आणि बोटानं पेज पाजली होती. दामाजी म्हणायचा, माझ्या पोरांना एवढं केलं नाहीस. भागी मोठी होऊन घरभर तिच्या मागे फिरायची, चुलीपाशी येऊन बसायची. आता ती हातात निमूट राहिली. थेंब फरशीवर पडला, जांभळा झाला, आणि बघता बघता त्यात रवा पडावा तशा गुठळ्या धरल्या. भोवतालचं पाणी निवळ झालं.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. नऊपैकी सात फरश्या अशाच निघाल्या.

"मारायला हव्यात," सुमतीबाई म्हणाल्या. "आणि पुरायला. यांचं अंडं यापुढं उबवायचं नाही."

"त्या आईच्या हायत," जनाबाई म्हणाली. "चैताला महिना हाय. आईच्या तोंडचं काढून मारायचं? काय बोलतंस तू, बाई?"

सुमतीबाईंनी सुई पुसून ठेवली. हे त्यांच्या फरशीवर तपासता येण्यासारखं नव्हतं. सगळ्या आवडाबाईकडे बघू लागल्या.

"आईला नासलेली गाभोली वाहशील?" आवडाबाई म्हणाली. "बाजारान गिऱ्हाईकाला देत नाय आपन, आन आईला देऊ? मी भागीला मारनार. पन इथं नाय. तिच्या डाव्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याला भोक हाय, हॅचरीनं पाडलेलं. जिथं जन्मली तिथंच नेईन."

"पुरावा म्हणून ही एक कोंबडी त्यांना पुरेशी होणार नाही," सुमतीबाईंनी बजावलं. "ते म्हणतील, तुमच्या गावात लागलं. त्यांच्या कोंबड्यांचं रक्त मिळालं तरच. आणि एखादीच दिली तर ती निरोगीही निघेल. सगळ्या थोड्याच आजारी असतात."

"तुमी येताव ना?"

सुमतीबाईंनी चष्मा पुसला. सरकारी नोकरीत तीस वर्षं त्यांनी अहवाल लिहिले होते आणि ते कुठल्या कपाटात जातात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. "शनिवारी रजा टाकते," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी अकरा कोळणी खोपटच्या डेपोतून एस.टी.त बसल्या. कंडक्टरनं पाटीतल्या भागीचंही तिकीट लागेल म्हणून थट्टा केली. कल्याणच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली तशी भागी पाटीत जराशी उठली आणि पुन्हा बसली. आवडाबाईनं हात घातला तर खाली अंडं. गरम, गुळगुळीत, डाग ना व्यंग. आवडाबाईनं ते ओच्यात घेतलं आणि उरलेला सगळा रस्ता तसंच धरून ठेवलं. त्या अंड्याची ऊब तिला सहन होत नव्हती आणि सोडवतही नव्हती.

हॅचरीच्या अंगणात गावोगावच्या तीसेक बायका पाट्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यांतून पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. टेबलामागे टिपणीस यादी घेऊन बसलेले. सुमतीबाई कल्याण स्टेशनवरून रिक्षानं आधीच येऊन पोचल्या होत्या आणि झाडाखाली उभ्या होत्या.

"या, आवडाबाई," टिपणीस म्हणाले. "आणली सही?"

"आनली. पन आधी एक दाखवायचं हाय."

तिनं पाटी खाली ठेवली. भागीचा डावा पाय वर करून पडद्यातलं भोक टिपणीसांना दाखवलं, मग रांगेतल्या बायकांना. "ही तुमची. मागच्या सालची. बरोबर?"

"भोक आमचंच आहे," टिपणीस म्हणाले. "पण बाई, हे काय चालवलंय?"

आवडाबाईनं भागीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. "माफ कर गो," एवढंच म्हणाली. मग पाटीतली मासळी कापायची कोयती काढली आणि एका झटक्यात काम केलं. डोळे मात्र वाहत होते आणि ते तिनं पुसले नाहीत. तिथंच बसून तिनं पोट उघडलं, बोटं आत घातली आणि अंड्यांचा घोस बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवला.

अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या पोटात लहानमोठे पिवळेधमक बलक असतात, हे तिथल्या प्रत्येक बाईनं कापताना पाहिलेलं. या पानावर दोन-तीनच तसे होते. बाकीचे सुकलेले, वेडेवाकडे, हिरवट काळे, देठाला लोंबणारे. रांगेतल्या बायका उठून जवळ आल्या.

"मी पाटीवाली," आवडाबाई म्हणाली. "शिकलेली नाय. पन गाभोली मना कलते. ही नासलेली. आन हे अंडं हिनंच आज सकालीच गाडीन घातलं." तिनं ओच्यातलं अंडं पानाशेजारी ठेवलं. "बघा, हाय का कुठं काय लिवलेलं याच्यावर? ह्याच्यातून पिल्लू निघंल, आठ दिवसान मरंल, आन कागद मंग माज्या नावानं निघंल, घानीन मेलं म्हनून."

"हा आजार तिला तुमच्याकडे लागला," टिपणीस म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही शांत होता. "वर्षभर तुमच्याच घाणीत राहिलीय ना ती?"

"मग तुमच्या आया तपासा. ह्या बाई सरकारी हायत, त्यांचं औषध हाय. तुमच्या चांगल्या निघाल्या तर मी हितंच सही करते. घान लिवलंय त्याच्याखाली. सगल्यांच्या म्होरं."

"कुणीही येईल आणि माझ्या शेडमध्ये घुसेल, असं चालत नाही. मी आज वाटप करतोय. ज्यांना पिल्लं हवीत त्यांनी पुढं या."

कुणीच पुढं आलं नाही. मग रांगेतून एक सावळी, उंच बाई दोन पावलं पुढं आली. दिवा गावची सगुणा. तिच्या मंडळाचं नाव यादीत बाळकुमच्या लगेच खाली होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "आमची पन मेली मागच्या साली. तुमी बोलले, तुमचा भाताचा कोंडा बुरसट. आमी सही केली."

"आमचं पाणी खराब म्हणाले," मागून टिटवाळ्याकडची कुणी म्हणाली. "आम्ही अंगठा दिला."

"आमची शेड ओली."

"आमच्या पोरांनी हाताळली म्हनं."

एकेक करून सात गावं बोलली. सातही गावांनी आपापल्या घरी जाऊन आपापली लाज झाकून ठेवली होती. एका गावाची लाज दुसऱ्या गावाला माहीत नव्हती, म्हणून सगळ्यांचं नीट चाललं होतं. आवडाबाई ते ऐकत होती आणि तिच्या मनात आलं, मी एकटीच चोखंदळ निघाले म्हणायची.

सगुणानं आपली रिकामी पाटी जमिनीवर उपडी घातली. तिच्या मागच्या बाईनंही. थोड्या वेळात अंगणभर उपड्या पाट्या झाल्या आणि खोक्यांत पिल्लं ओरडत राहिली. एक दिवसाची पिल्लं वाट बघत नाहीत. ती आज उचलली गेली नाहीत तर उद्या कुणी उचलणार नाही, हे टिपणीसांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"नाथा," शेवटी ते म्हणाले, "आण चार कोंबड्या. होऊन जाऊ दे यांच्या मनासारखं."

नाथा हा त्यांचा जुना गडी, शेडीवर पंधरा वर्षं राबलेला. तो जागचा हलला नाही. "चार आनू का साठ, भाऊ?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"चार तुमी म्हनाल त्या मी आनीन. पन मागच्या साली जी वाचली ती पिल्लं आपन आयांच्या शेडीतच घातली ना. टनक निघाली, जातच चांगली, म्हनालात. मी तवाच बोललो होतो." तो टिपणीसांकडे न बघता पानावरच्या त्या घोसाकडे बघत होता. "मी कापताना असलं पाह्यलंय. लय वेला."

आवडाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग टिपणीसांकडे. आता तिला राग नव्हता. उलट एक विचित्र ओळख पटल्यासारखं झालं.

"आमी पन तेच केलं, भाऊ," ती म्हणाली. "मरता मरता वाचलेली आईची म्हनून राखली, त्यांची अंडी घरोघर वाटली. आमची चूक मी कबूल करतेय, ह्या सगल्यांच्या म्होरं. आमी आईच्या नावानं केलं. तुमी कोनाच्या नावानं केलं?"

नाथानं शेडीचं दार उघडलं.

साठ कोंबड्या झाल्या. नाथा आणून द्यायचा, आवडाबाई पंख धरायची, सुमतीबाई टोचायच्या, आणि गुठळ्या धरल्या की सरोज शाळेतल्यासारखी नेटकी रेघ वहीत मारायची. बायका फरशीभोवती कडं करून उभ्या होत्या. पहिल्या चार फरश्या स्वच्छ निघाल्या, तेव्हा टिपणीसांनी खुर्ची जवळ ओढली. पाचवीत गुठळ्या धरल्या. सातवीत. नवव्या-दहाव्यात. उन्हं डोक्यावर आली तेव्हा वहीत साठातल्या एकोणीस रेघा होत्या, आणि टिपणीस खुर्ची सोडून उभे होते.

"ही पिल्लं आज कुणालाही देऊ नका," सुमतीबाई त्यांना म्हणाल्या. "आणि सगळी शेड तपासा. मी येईन. पण आधी लेखी द्या."

आवडाबाईनं ओट्यापासून जपून आणलेला तो टाइप केलेला कागद पदराच्या गाठीतून काढला. उलटा करून टेबलावर ठेवला. कोऱ्या बाजूवर सुमतीबाईंनी एकच ओळ लिहिली, ती सरोजनं मोठ्यानं वाचली. "पिल्लांना आजार हॅचरीच्या कोंबड्यांपासून आला, गावांमधल्या बायकांचा यात दोष नाही."

"पहिली सही माजी," आवडाबाई म्हणाली. ती टेबलावर वाकली. जीभ दातांत धरून तिनं एकेक अक्षर काढलं. शेवटच्या ळ ला नेहमीपेक्षा जरा मोठी पोटं आली. मग तिनं टोपी लावून पेन टिपणीसांच्या हातात दिलं.

टिपणीस पेन धरून उभे राहिले. कागदाकडे बघत राहिले. अंगणात तीस-चाळीस बायका आणि शेकडो पिल्लं होती, तरी त्यांच्या पेनाची टोपी काढल्याचा आवाज ऐकू आला. टेकवलेलं निब पुढं सरकेना.

आवडाबाईनं भागीची पाटी उपडी केली, टेबलापुढेच ठेवली, आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"सावकाश काढा, भाऊ," ती म्हणाली. "आमी हितंच हाव. मना पन त्या दोन पोटांच्या ल ला महिना लागलेला."